मॅडम, लोकर आहे

आमच्या लाँड्रीत बारा मशिनं एकदम फिरतात. जुना मॅनेजर दारातूनच ओरडून काम सांगायचा आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. कळलं नाही तरी डोलवायचो, कारण पुन्हा विचारलं की "कान फुटलेत का?" हे ठरलेलं. बावीस वर्षं मी अशी मान हलवली आणि हॉटेलांचे किती पडदे वाया गेले ते डोळ्यांनी पाहिलं.

मग त्या जागी माझीच मुलगी आली, तीन महिन्यांच्या बोलीवर. घरी मी तिला ए भवाने म्हणते, इथे मॅडम. पहिल्याच दिवशी तिने नियम काढला. ती मशीनजवळ येऊन काम सांगणार, आम्ही ते तिला परत सांगायचं, आणि काही खटकलं तर तिथेच बोलायचं. घड्या घालणारे काका म्हणाले, "आता पाढेही म्हणून घ्या." मलाही तो पोरखेळच वाटला, खोटं कशाला बोलू.

तीन महिने भरले त्या दिवशी मालक आले. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते आज ठरणार होतं. तिच्या मागोमाग फिरत ते माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"चाळीस ब्लँकेटं, साठ डिग्री, पाऊण तास," ती म्हणाली.

"चाळीस ब्लँकेटं, साठ..." मी म्हणू लागले आणि थांबले. लोकरीची ब्लँकेटं साठला घातली तर आटून त्यांची पायपुसणी होतात. बोलावं तर मालकांसमोर पोटच्या पोरीचं हसं. गुपचूप बटण तीसवर फिरवावं, असंही मनात आलं. पण मग तिने तीन महिने आमच्यामागे जो घोशा लावला, तो कशासाठी?

"मॅडम, लोकर आहे. साठला आटेल."

तिचे कान लाल झाले. "बरोबर. माझं चुकलं, तीस करा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मालक हसले. "आई आहेत म्हणून बोलल्या. बाकीचे कशाला बोलतील?"

तिने काकांना हाक मारली. "काका, मी चुकले तर सांगता का?"

काकांनी चादरीवरून नजरही उचलली नाही. "या आठवड्यात दोनदा सांगितलं. एकदा लगेच ऐकलंत, एकदा भांडून ऐकलंत."

मालक माझ्याकडे वळले. "मग आधीच्या मॅनेजरला का नाही सांगितलंत कधी?"

"त्यांनी कधी विचारलंच नाही," मी म्हणाले.

मालकांनी तिथेच तिला कायम केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात ब्लँकेटांत अडकलेले, डोळे पुसायलाही मोकळे नव्हते. पोरीचा अभिमान तर होताच. पण खरं सांगते, बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी मला माझाही वाटला.