मिशीवाला म्हणाला, ‘मी शिकवते’

या, जरा पुढं सरकून बसा. महाराज अजून हातपाय धुताहेत. तेवढ्यात केवळाबाईंची गोष्ट सांगून होते.

जळकोटच्या केवळाबाईंची शिवकीर्तनात पहिल्या रांगेतली जागा ठरलेली. आईविना भाचा वीरेश त्यांनीच वाढवला. सुतारकामात हात देखणा, पण जन्मापासून ऐकू येत नाही. चार स्थळं मोडली. पाचवं उदगीरच्या बसलिंगप्पांच्या सृष्टीचं. तिलाही ऐकू येत नाही. हेही मोडतं की काय, म्हणून बाईंचा जीव टांगणीला.

बघायला गेले, तर पोरं भराभर हातांनीच बोलायला लागली. बाकीच्यांना कळावं म्हणून मध्ये उमाशंकर, झुपकेदार मिशीचा दुभाषा. तो म्हणाला, “मी लातूरला शाळेत शिकवते. नोकरी सोडणार न्हाई.”

केवळाबाई दचकल्या. “अरे बाबा, तू शिकव न्हाई तर नको शिकवू! पोरगी काय म्हणते ते सांग की.”

“मीच तर बोलून राहिले, आत्या,” मिशी म्हणाली.

केवळाबाई शेजारी बसलेल्या भावाच्या, वीरेशच्या बापाच्या, कानाशी लागल्या. “हा बाप्या लई आगाव. पोरगीबी कमी न्हाई.”

उमाशंकरचे हात हलले. सृष्टी खुदकन हसली.

“अरे, हे कशाला सांगितलंस?”

हात पुन्हा हलले. तेही सांगितलं!

शेवटी उमाशंकरनं स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. “आता हे माझं बोलणं हं,” तो म्हणाला, हात चालूच. “आत्याबाई, कीर्तनात महाराज पार्वती होऊन ‘मी तपाला निघाले’ म्हणतात. तवा त्यांना लुगडं नेसवता का?”

“अगं बया, न्हाई की!”

“मग? हे बोलणं सृष्टीचंच. माझ्या पदरचं घालायचं न्हाई, कुणाचं गाळायचं न्हाई. अन् माझ्याकडं नका बघू, तिच्याकडं बघा.”

केवळाबाईंनी पहिल्यांदाच पोरीकडं नीट पाहिलं. तेवढ्यात वीरेशचे हात चालले, अन् तीच मिशी बोलली, “मग मीच लातूरला येतो. रंधा तिथंबी चालतो.”

बाई वीरेशकडं वळल्या. लेकरू चाललं की! पण त्याचा चेहरा असा फुलला होता, की नाही म्हणवेना. त्या थेट सृष्टीला म्हणाल्या, “पोरी, माझं लेकरू मला दिसंल ना गं?”

“दर रविवारी येतो आम्ही. मलाबी कीर्तनाला न्या, आत्या,” उत्तर आलं. मग मिशी अडखळली, लाजली. “अन् आधी ह्या उमाशंकरला दुसरा चहा द्या. आमच्यापायी त्याचा गार झाला.”

केवळाबाईंनी डोळे पुसले, कमरेवर हात ठेवला. “खरं सांग रे, हे पोरीचं बोलणं का तुझं?”

हसता हसता सुपारी फुटली.

घ्या, टाळ वाजले. महाराजांच्या शेजारी हात हलवून राहिलाय ना, तोच तो उमाशंकर. अन् केवळाबाईंना चिकटून बसलीय ती सृष्टी. कीर्तनात रंगून जा, पण उमाशंकरची याद ठेवा. संपल्यावर पहिला गरम कप त्याच्या हाती द्या; हात तेव्हाच मोकळे होतात त्याचे.