कानबाईच्या रोटातला वाटा

छगन कंडक्टरला पन्नास माणसं एका वेळी सांभाळता येत, एक लेकरू तेवढं सांभाळता येईना.

धुळे–शिंदखेडा गाडीवर त्याचा दरारा होता. नवे पैसे नुकते सुरू झालेले, त्यांचा घोळ म्हाताऱ्याकोताऱ्यांना तोच समजावून सांगे. टोपलीतल्या कोंबडीचं तिकीट कशाला म्हणून भांडणाऱ्या बाईला तोच गप्प करी. नरडाण्याला दारात लोंबकळणारी मंडळी त्याच्या एका आरोळीनं आत येत. पण घरी आला की सव्वा वर्षाची वच्छी या वाघाची शेळी करून टाकी. चैत्रात वच्छीची आई विषमज्वरानं गेली. छगननं होती तेवढी रजा घेतली, मग बिनपगारी घेतली, आणि श्रावणाच्या तोंडाशी डेपोतून निरोप आला की आता कामावर या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

छगनला ना आई, ना बहीण. गल्लीतली हसीनाबी मायाळू. तिनं पहिले काही दिवस वच्छीला हौसेनं सांभाळलं. पण तिच्या लेकीचं बाळंतपण आलं चाळीसगावला, आणि हसीनाबी डिंकाचे लाडू बांधून तिकडे निघून गेली. मग छगननं करू नये ते केलं. वच्छीला न्हाऊमाखू घातलं, काजळाची तीट लावली आणि तो तिला घेऊन सरळ गाडीत चढला.

पहिला दिवस तर फार मजेत गेला. पुढच्या बाकावरच्या आजीनं वच्छीला मांडीवर घेतलं, तिचं गाव आलं तशी तिनं मागच्या बाईकडे दिली, त्या बाईनं पलीकडच्या पाटलाकडे. वच्छी अशी हातोहात शिंदखेड्याला पोचली. ड्रायव्हर नूर महंमद आरशातून तिला बघून गाणी म्हणत होता. तिकिटाला भोक पाडणाऱ्या चिमट्याचा आवाज तिला इतका आवडला, की तो थांबला की ती भोकाड पसरी. म्हणून छगन रिकाम्या हवेलाच भोकं पाडत उभा राही. पण तिसऱ्या दिवशी वच्छीनं घंटेची दोरी पकडली. गाडी भर माळावर थांबली, सुटली, पुन्हा थांबली. मागच्या बाकावर नेमके बदलीवर आलेले कंट्रोलर साहेब बसलेले होते.

"छगनराव," साहेब खाली उतरल्यावर म्हणाले, "ही गाडी आहे, पाळणा टांगायची जागा नव्हे. मंगळवारपासून पोर गाडीत दिसली, तर तुम्ही घरी बसायचं. सोय करा काहीतरी."

साहेबांचं चूक नव्हतं. तेच तर दुःख होतं. चुकलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

सोय करायला एक घर होतं, आणि ते भिंतीला भिंत लागून होतं. छगन राहायचा ती खोली बेबाअक्काची. अक्का म्हणजे त्या गल्लीतलं हायकोर्ट. घरात तीन सुना, नातवंडांची ही फौज. त्या गर्दीत आणखी एक पोर सोडली असती तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही आली नसती. वच्छीलाही त्या घराची भारी ओढ. दार उघडं दिसलं की ती दुडूदुडू तिकडेच. छगननं सारा धीर गोळा करून विचारलं.

"नही," अक्का म्हणाली. "परकं लेकरू मी ठेवत नही, छगन. हसतं परत दिधं तं कोणी नाव काढत नही. रडतं दिधं तं जलमभर बोल लागस."

याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी शेजाऱ्याचं एक मूल अक्काच्या ओट्यावरून पडलं, त्याचा हात मोडला. हात महिन्याभरात जुळला, शेजार मात्र कधीच जुळला नाही. तेव्हापासून परकं लेकरू अक्का मांडीवरसुद्धा घेत नसे. वच्छी तिच्या लुगड्याला धरून उभी राहिली, की अक्का तोंड फिरवी आणि सुनेला हाक मारून म्हणे, पोर नेऊन दे. तोंड फिरवताना ती डोळे पुशी, हे सुनांना दिसे. छगनला कुठून दिसणार?

इकडे त्याची सासू सुगंधाबाई शिंदखेड्याहून निरोपावर निरोप धाडत होती. बाई वाईट मुळीच नव्हती. तिची लेक गेली होती, लेकीची खूण तिला जवळ हवी होती. "गडीमाणूसले पोर वाढाडता येत नही," ती म्हणाली होती. "कानबाई उठनी की मी येसू आनि वच्छीले लई जासू. तू दुसरं लगीन करी ले, मोकळा व्हय." छगनला मोकळं व्हायचं नव्हतं. दिवसभर गाडीवर तिकिटं फाडून संध्याकाळी ज्या खोलीत यायचं, तिथे वच्छी नसेल तर तिथे यायचं तरी कशाला, हे त्याला कळत नव्हतं. पण मंगळवार तोंडावर आला होता. पोर द्यायची की नोकरी सोडायची? आणि नोकरी सोडली तर पोरीला खायला काय घालायचं? शेवटी त्यानं मन घट्ट केलं आणि सासूला कळवलं, की सोमवारी संध्याकाळी या.

आता कानबाई म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरात बसते आणि सोमवारी उठून विसर्जनाला नदीवर जाते. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. घरातल्या माणसागणिक नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे, त्याच्या पोळ्या करायच्या आणि खिरीबरोबर खायच्या. पण खायच्या कुणी? फक्त भाऊबंदांनी. पाहुणा कितीही लाडका असो, त्याला तुकडा मिळत नाही. अक्काच्या घरी तर सासरी गेलेल्या सख्ख्या लेकीलाही रोट नसे. या रीतीचे पहारेकरी होते अक्काचे दीर तोताराम नाना. एके वर्षी रोटाला तोंड लावलं म्हणून त्यांनी मांजराला काठी घेऊन तीन गल्ल्या पळवलं होतं. मांजर भाऊबंद नव्हतं ना!

सोमवारी दुपारी अक्काच्या घरची कानबाई वाजतगाजत पांझरेवर गेली. पोरी फुगड्या खेळून दमल्या, बायकांनी गाऊन गाऊन घसे बसवून घेतले, आणि दिवेलागणीला सगळे घरी आले. उरलेले रोट संपवायचे होते. अक्कानं मोठ्या परातीत पोळी कुस्करली, त्यावर खीर ओतली आणि नातवंडांना भिंतीशी ओळीनं बसवलं. लहानांना भरवायचं काम ती कुणाला देत नसे. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात कंदिलाचा उजेड. तिला चेहरे दिसत नव्हते, उघडलेली तोंडं दिसत होती. आ केलं की घास, आ केलं की घास, असं अक्काचं चाललं होतं.

तेव्हा छगन आपल्या खोलीत वच्छीची झबली गाठोड्यात बांधत होता. एक झबलं ठेवी, पुन्हा काढी, नाकाशी धरी, पुन्हा ठेवी. अशात दाराशी सुगंधाबाई आली.

"वच्छी कोठे शे?"

छगननं मागे पाहिलं. आत्ता तर इथे होती. खाटेखाली नाही, माठामागे नाही. दोघं ओट्यावर धावले, आणि तेवढ्यात अक्काच्या स्वयंपाकघरातून थोरली सून पुष्पाबाई किंचाळली.

"अक्का! हाई तं छगनभाऊनी वच्छी शे!"

ओळीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून वच्छी बसली होती. हनुवटीवरून खीर ओघळत होती. इतका आरडाओरडा झाला तरी तिनं अक्काकडे बघून पुन्हा आ केला.

"तरीच," अक्का परात धरून म्हणाली. "मी म्हणू, झुलालना धाकला आज इतला कसा खाई राहिना!" झुलाल म्हणजे तिचा मधला मुलगा, आणि त्याचा धाकटा कोपऱ्यात उपाशीच झोपून गेला होता.

तोताराम नाना आत आले आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पाटावर आपटली. "बठ्ठी रीत मोडी गयी! आज्यापंज्यापासून आसं व्हयनं नही. परकी पोर आनि कानबाईना रोट! आते देवी परत बसाडा, उपास करा, नहीतं घरवर काय येई ते सांगता येत नही."

छगन दारात उभा राहून हात जोडत होता. पोर तर निघालीच होती, आता खोलीही जाणार असं तो धरूनच चालला. "अक्का, चुकनं मनं," तो पुटपुटला. "मी आत्ते लई जास तिले."

"थांब," अक्का म्हणाली. परात तिच्या मांडीवर तशीच होती. तिनं ती खाली ठेवली आणि दिराकडे वळली.

"नाना," ती म्हणाली, "रोट कोण खातस?"

"भाऊबंद खातस. आनि कोण?"

"दुसरं कोणी खात नही?"

"नही म्हणजे नही!"

"हाई पोरनी खादा का?"

"पोट भरी खादा! दखा तिनं तोंड."

"कोना हातवरी खादा?"

"तुमना हातवरी," नाना जरा हळू म्हणाले. वाट कुठे चालली आहे याचा वास त्यांना येऊ लागला होता.

"मंग हाई कोण व्हयनी?"

नानांनी तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. वच्छीनंही शेजारी आ केलेलाच होता.

"तसं नही वं वहिनी..."

"कसं नही? मना डोया आंधया, पण देवीना तं नही? तिना दिन, तिना रोट, मना हातवरी. कानबाई चुकनी, आसं तुमले म्हणनं शे का? म्हणा, बठ्ठासना समोर म्हणा."

श्रावणात, देवी नुकती घरातून उठलेली असताना, देवी चुकली असं म्हणायची छाती खानदेशात कुणाची आहे? जन्मभर ज्या रीतीची काठी नानांनी फिरवली, तीच आज त्यांच्या पाठीत बसली. त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. "रीत ती रीत," ते म्हणाले. हरलेला माणूस इतक्या रुबाबात हरताना कुणी पाहिला नसेल.

मग अक्कानं वच्छीला उचलून मांडीवर घेतलं. इतके दिवस जिला नुसता हातही लावला नव्हता, तिला अशी घट्ट धरली की खीर लुगडंभर झाली. छगनच्या मागून सुगंधाबाई पुढे आली.

"मी हिले लेवाले उनू," ती म्हणाली.

"विहीणबाई, आमनी पोर आशी पाठाडता येत नही."

"तुमनी? कव्हयपासून?"

"दिवा लागनात तव्हयपासून."

सुगंधाबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पदर तोंडाला लावून ती तिथेच उंबऱ्यावर बसली. "तिले कोणी आजी नव्हती जवय, म्हणीसन मी लई जाणार होतू," ती म्हणाली. "आते मी कसाले लई जाऊ?"

"तुम्ही येत जा," अक्का म्हणाली. "जावाईनी गाडी शे ना! तिकीट मात्र काढा, नहीतं हाऊ नोकरीले मुकाई." सगळ्या सुना फिदीफिदी हसल्या.

छगननं अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं.  तो म्हणाला, "अक्का, तुम्ही तं म्हणे परकं लेकरू ठेवत नही..."

"नहीच ठेवत," अक्का म्हणाली. "आपलं ठेवाले कोणी विचारस का?"

आनंदाच्या भरात छगननं हात पुढे केला. पोर भाऊबंद झाली म्हणजे बाप झालाच की, असं त्याला वाटलं असावं. हात परातीपर्यंत पोचायच्या आत नानांची आरोळी आली. "ए! तुले कोणी सांगं? तू परका!" आणि तो परकाच राहिला. मंगळवारी सकाळी वच्छीला अक्काच्या ओट्यावर सोडून तो गाडीवर गेला. हात मोकळे होते, तरी शिंदखेडा येईपर्यंत ते सारखे काहीतरी सावरायला पुढे होत होते. नूर महंमदनं आरशात बघून विचारलं, "पोर कुठंय?" आणि छगन इतक्या दिमाखात म्हणाला, "घरी!" की अर्धी गाडी वळून बघू लागली.

पुढच्या श्रावणात अक्का सुपाशी बसून एकेकाचं नाव घेत गहू काढत होती. नातवंडांची नावं संपली, झुलालच्या धाकट्याचं झालं, आणि पुन्हा मूठ भरली. "वच्छी," ती म्हणाली आणि सव्वा मुठीत चार दाणे जास्तीचे पडू दिले. ओट्यावर बसलेल्या छगननं ते ऐकलं. त्याला बायकोची फार आठवण आली.

सोमवारी संध्याकाळी आत रोटांची पंगत बसली. छगन रीतीप्रमाणे बाहेर ओट्यावर, मांडीवर भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. वच्छी आता चांगली धावू लागली होती. पंगतीतून ती उठली, मुठीत पोळीचा चिंबलेला गोळा घट्ट धरून उंबरा ओलांडून बापासमोर उभी राहिली. "आ कर," ती म्हणाली. अक्कानं तिला शिकवलेलं तेच होतं. छगननं घाबरून आत पाहिलं. वच्छीनं पाय आपटला. त्यानं आ केला.

नाना घास हातात धरून थिजले. "वहिनी!" ते म्हणाले. "वहिनी, दखं का तुम्ही?"

अक्कानं डोळे बारीक करून सरळ ओट्याकडे पाहिलं. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं.

"काय दखू, नाना?" ती म्हणाली. "मना डोयामा मोतीबिंदू शे. आनि तुमना बी येई राहिना वाटस. गुपचूप खाई ल्या."

नानांनी खाली बघून घास तोंडात घातला.