सायकलखांबाचे दोर

कोकंद शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात सायकल नसलेला माणूस एक तर फार श्रीमंत असतो, किंवा तिच्यावर बसून जावं असं त्याला ठिकाणच उरलेलं नसतं. त्यामुळे नगरपालिकेनं गुलोमच्या चहाखान्यापुढे, तुतीच्या झाडाखाली सार्वजनिक दुरुस्तीचा खांब रोवला तेव्हा तो आम्हाला उपकार वाटला नाही, उशीर वाटला. हिरवा लोखंडी खांब, वर सायकल टांगायला दोन हात, खाली बोल्टांनी आवळलेला पंप, आणि मधे पाने, पक्कड, पेचकस, टायर काढायच्या पट्ट्या. प्रत्येक हत्यार तारेच्या दोरानं खांबाला बांधलेलं.

दोर बघून एर्गश खाटिक म्हणाला, "दोम्ला, माझा कुत्रासुद्धा याहून लांब दोरावर आहे."

सगळे हसले. मामासोली दोम्ला हसले नाहीत. ते मोहल्ल्याचे अक्साकाल. लग्न, मयत आणि भांडण त्यांच्याशिवाय पार पडत नाही. त्याआधी ते शाळेत भूगोल शिकवत, म्हणून अजून सगळे त्यांना दोम्ला, म्हणजे गुरुजी, म्हणतात. मोहल्ल्याच्या सामायिक कढया, ताटं, चमचे त्यांच्या अंगणात उघड्यावर असतात. ज्याच्या घरी कार्य, तो घेऊन जातो आणि घासून परत आणतो. आजवर एक चमचा कमी झालेला नाही.

"हे दोर म्हणजे आम्हाला चोर म्हणणं झालं," दोम्ला नगरपालिकेच्या तरुण साहेबाला म्हणाले. "उद्या परक्या मोहल्ल्याची वरात इथून जाईल. मुलीचा बाप काय म्हणेल? कुठं दिली पोरगी?"

"नियम आहे, दोम्ला."

"नियम तुमच्याकडे ठेवा, हत्यारं आमच्याकडे. महिन्यानं येऊन बघा. एक जरी कमी निघालं, तर डोक्यावरची ही दोप्पी काढून तुमच्या हातात देईन. अक्साकालपणही सोडीन."

साहेब नोकरीत नवा होता. नियमापेक्षा म्हाताऱ्याच्या टोपीला जास्त घाबरला. एर्गशनं लोखंड कापायची करवत आणली. दोर पडले, टाळ्या वाजल्या, पुलाव झाला.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर दोम्लांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सर्वांत मोठा पाना अंगरख्याच्या बाहीत सरकवला. हे मला पुढे त्यांनीच सांगितलं. विश्वास नव्हता असं नाही. विश्वास होताच, पण मोठा पाना मोठा असतो.

सकाळी तो परत लावायला आले, तर पक्कड जागेवर नव्हती. आता पाना लावावा तर कुणी बघितलं म्हणजे? पाना बाहीतच राहिला. मग एक पेचकस गेला, मग एक पट्टी. ओरडावं तर दोप्पी जाते. म्हणून दोम्ला घरच्या कोठीतली जुनीपुराणी हत्यारं पुसून हळूच खांबाला लावायला लागले. तीही गेली. शेवटी पंप तेवढा राहिला, कारण त्याला बोल्ट होते.

चोर शोधायला दोम्लांना लांब जावं लागलं नाही. खोलमत तंदूरवाला रोज पहाटे सायकलवर रोट्या वाटत त्या खांबावरून जातो, आणि तरुणपणी कापसाच्या कारखान्यातलं तेल पळवल्याबद्दल तो तुरुंगात जाऊन आलेला. कारखाना केव्हाच मोडीत निघाला होता. खोलमतचं नाव मात्र कुणी त्यातून मोकळं केलं नव्हतं.

दोम्ला त्याला एक शब्द बोलले नाहीत. एका दुपारी चहाखान्यात आम्ही सगळे बसलो असताना खोलमत आला, कोपऱ्यात टेकला. दोम्लांनी किटली हातात घेतली. आमच्याकडे पियाल्यात चहा घोटभरच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता यावा आणि माणूस बसून राहावा. दोम्लांनी त्याचा पियाला काठोकाठ भरला आणि पुढे सरकवला. याचा अर्थ एकच होतो: हा पी आणि ऊठ. याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही, आणि ती तोंडानं कुणी देत नाही.

खोलमतनं पियाल्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे तुतीच्या झाडाकडे पाहायला लागलो. त्या झाडाकडे इतकं लक्ष आजवर कुणी दिलं नसेल. चहा उकळता होता. त्यानं थांबून थांबून तो सगळा प्यायला, थेंब न सांडता, आणि गेला. त्यानंतर तो चहाखान्यात आला नाही.

महिना भरला. साहेब यायच्या दिवशी सकाळी दोम्ला रिकाम्या खांबापाशी उभे होते, जसं मयताच्या दारात उभं राहतात तसे. तेवढ्यात गल्लीतल्या थोरल्या ताई, ओयिमखान ओपा, पिठाच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आल्या.

"रागावू नका, दोम्ला. पहिल्याच पहाटे बघितलं तर मोठा पाना गेलेला. म्हटलं, चोर शिरलाय, निदान पक्कड तरी वाचवू."

मागून एर्गश आला, ॲप्रनखालून दोन पाने काढत. "मी पण वाचवले. पक्कड गेलेली दिसली ना!"

गुलोमनं समोवारच्या मागून पेचकस काढला. आमच्या घरून बायकोनं तांदळाच्या पिंपातून टायरची पट्टी आणून दिली. मला पत्ता नव्हता. गल्लीच्या दोन्ही टोकांकडून माणसं येत राहिली. मोहल्ल्यानं त्या खांबाचं इतकं रक्षण केलं होतं की खांबावर काही उरलंच नव्हतं.

"पण मग मोठा पाना कुणी नेला?" एर्गशनं विचारलं, आणि सगळ्यांच्या माना सवयीनं तंदूरच्या दिशेला वळल्या.

दोम्लांनी बाहीत हात घातला. "माझ्याकडे आहे. पहिल्या संध्याकाळपासून."

"वाचवत होतात?" ओपांनी हळूच विचारलं.

"हो."

कुणी हसलं नाही. एर्गशसुद्धा नाही, आणि तो मयतीत हसतो.

साहेब आला तेव्हा खांबावर हत्यारं मावत नव्हती. "अहो, ही तर जास्तच आहेत!" तो खूश झाला. तेवढ्यात पुलावासाठी सांगितलेल्या रोट्या घेऊन खोलमत आला. टोपली चौथऱ्यावर ठेवून परत सायकलकडे वळला.

"खोलमत, बस," दोम्ला म्हणाले. त्यांनी स्वतः पियाला धुतला आणि तळ जेमतेम झाकेल एवढाच चहा ओतला.

"भट्टी तापलीय, दोम्ला."

"सगळं सापडलं. तुझ्याकडे काही नव्हतं रे."

"मला ठाऊक होतं." त्यानं हँडल धरलं. "एक मागू?"

"माग."

"दोर परत बांधा. तुम्हाला ती शिवी वाटली. मला तो खांब पहिल्यांदा दिसला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, पहाटे इथून जाताना माझ्या टोपलीकडे कुणी वाकून बघणार नाही."

तो गेला. दोम्लांनी डोक्यावरची दोप्पी काढून साहेबाच्या हातात दिली.

"अहो, पण एकही कमी नाही!"

"ठेवा तुम्ही."

साहेब ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. पुलाव त्या दिवशी बराच उरला.

दोर दोम्लांनी स्वतः बांधले, स्टुलावर बसून, उघड्या डोक्यानं. नेमकी त्याच वेळी परक्या मोहल्ल्याची वरात तिथून गेली. मुलीच्या बापानं दोर पाहिले, मग म्हातारा पाहिला. दोम्लांनी मान वर केली नाही, आणि हातातली गाठही सोडली नाही.

खोलमत आता हवा भरायला थांबतो. दोम्ला घोटभर चहा ओतून पियाला घेऊन उभे राहतात. तो कधी घेतो, कधी भट्टी तापलीय म्हणतो. घेतला तर उभ्यानंच घेतो. बसत अजून नाही. पियाला परत आला की दोम्ला तो धुतात, पुन्हा घोटभर ओततात आणि खोलमतचं पंप मारणं संपेपर्यंत पियाला तसाच धरून ठेवतात.