त्रिंकोमालीत आठ तास

आराखडा पहिला. शनिवारी सकाळी विक्रमने इमारतीच्या ग्रुपवर टाकलेला.

८.०० जहाज बंदरात.
८.४५ सगळ्यांनी बसमध्ये. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याच्या.
९.३० डोंगरावरचं देऊळ.
११.०० किल्ला. आत हरणं फिरतात.
१२.३० जेवण. शाकाहारी सांगितलंय.
१.३० गरम पाण्याच्या विहिरी.
३.१५ परत. चारनंतर जहाज कुणासाठी थांबत नाही.
ज्येष्ठ नागरिक, एकूण तीन: जहाजावर विश्रांती. डेकवर खुर्च्या आहेत.

शेवटची ओळ भामाबाईंनी दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि तरी ती तीच होती.

नल्लकुंट्यातल्या त्या तीन मजली इमारतीतून सोळा जण ऑगस्टात निघणार होते. हैदराबादहून रेल्वेने चेन्नई, तिथून जहाज, चार दिवस पाणीच पाणी आणि मधला एक दिवस श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीला जमिनीवर. सगळ्याची जुळवाजुळव भामाबाईंच्या मुलाने, विक्रमने केली होती. काम चोख. फक्त तीन माणसं त्याने खुर्च्यांवर ठेवून दिली होती. एक त्याची आई, वय अडुसष्ट. दुसऱ्या वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी, वय सत्तर. तिसरे तळमजल्यावरचे हिम्मतराव, वीज खात्यातून निवृत्त होऊन बावीस वर्षं झालेले, हातात काठी.

"विक्रम, ही विश्रांती कोण घेणार आहे?"

विक्रम डोसा खात होता. "तू. म्हणजे तुम्ही तिघं. ऊन असतं गं तिकडे. बसमधून चढा, उतरा, पुन्हा चढा..."

"मला विचारलंस?"

"ग्रुपवर टाकलंय की."

"मी म्हटलं होतं, आधी विचारा," तव्यासमोरून शिल्पा म्हणाली. नवऱ्याच्या ताटात तिने आणखी एक डोसा टाकला, म्हणजे त्याला बोलायला जरा वेळ लागावा.

"बंदर बघायचंय ना तुला?" विक्रम घास गिळून म्हणाला. "जहाज बंदरातच उभं असणार. डेकवरून सगळं दिसेल. नकाशासारखं."

"नकाशा माझ्याकडे आहे."

"आई, जानेवारीत काय झालं ते विसरलीस का?"

ते कोणीच विसरलं नव्हतं. नामपल्लीच्या प्रदर्शनात, रविवारच्या गर्दीत, भामाबाई हरवल्या होत्या. फोन घरी. विक्रमने दीड तास शोधलं, शेवटी भोंग्यावरून पुकारा झाला: भामाबाई, उम्र अडसठ साल, हरी साडी, जहाँ भी हों, ऑफिस के पास आ जाइए. सापडल्यावर त्या म्हणाल्या, केवढा गोंगाट, मला काही ऐकूच आलं नाही. खरं म्हणजे त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. त्या पाळण्यासमोरच्या बाकावर मिरची भजी खात होत्या. पुकारा ऐकून त्यांनी आणखी एक प्लेट घेतली, ती सावकाश संपवली आणि मग उठल्या. ऑफिसपाशी उभ्या असलेल्या विक्रमचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी माफी त्यांनी मागितली नाही, आणि खरं काय ते अजूनही सांगितलं नव्हतं.

आराखडा दुसरा. भामाबाईंचा. कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे, शाईने.

८.०० जहाज बंदरात.
८.३० मी उतरणार.
आधी बंदराचा आतला काठ. मग पायी गाव ओलांडून बाहेरचा काठ. मधे किलोमीटरभरही नाही.
३.०० परत.
देऊळ नाही. हरणं नाहीत. विहिरी नाहीत.

या पानाचा फोटो त्यांनी ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या चिन्मयचं आलं. आंटी, मराठी नीट वाचता येत नाही, इंग्लिशमध्ये टाका ना. भामाबाईंनी त्याला लिहिलं, शिकून घे, ऑगस्टपर्यंत वेळ आहे. मग एक अंगठा आणि दोन हसरे चेहरे.

दुपारी भाग्यलक्ष्मी जिना उतरून आल्या. तीस वर्षांच्या शेजाराने त्यांना मराठी पूर्ण समजायचं, पण बोलायच्या त्या आपल्या हैदराबादी बोलीतच, आणि भामाबाईंना म्हणायच्या टीचरगारू, म्हणजे शिक्षिकाबाई.

"टीचरगारू, ये क्या लिखे आप? दो काठ कायकू? एक काठ बस नै?"

भामाबाईंनी चहा ठेवला आणि सांगितलं. आधी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून सुरुवात जरा अडखळतच झाली.

नारायणगुड्याच्या मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आठवीला नैसर्गिक बंदर असायचं. आता हैदराबादेच्या पोरांना बंदर कुठून दाखवणार? आणि बाईंनी तरी कुठे पाहिलं होतं? समुद्र म्हणून एकदा पुरीला, सासूबाईंबरोबर, गुडघाभर. तर त्या घरून परात न्यायच्या आणि कणकेचा गोळा. परातीत कणकेचे हात काढायचे, मधे अरुंद तोंड ठेवायचं, पाणी ओतायचं आणि परात हलवायची. बाहेर लाटा, आत पाणी गप्प. पोरं खूश. दरवर्षी तेच, तीच परात. नावं पाठ: मुंबई, कोची, त्रिंकोमाली.

एका वर्षी त्रिवेणी नावाची मुलगी उभी राहिली. टीचर, त्रिंकोमालीला गावाच्या एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आणि मधली जमीन एवढी बारीक. मग या बाजूला गप्प पाण्याजवळ उभं राहिलं तर त्या बाजूच्या लाटा ऐकू येतात का?

"फिर? आप क्या बोले?"

"बोलले, हे परीक्षेला नाही."

भाग्यलक्ष्मींनी कप खाली ठेवला.

"मला माहीतच नव्हतं हो. माहीत नाही असं म्हणायला काय झालं होतं? वर्गात पन्नास पोरं होती, म्हणून लाज वाटली. ती खाली बसली. पुढे दोन वर्षं माझ्या वर्गात होती, पण पुन्हा विचारायला उठली नाही. मी परातीत कणकेचं बंदर करून शिकवत राहिले आणि ते पोरगं गप्प केलं." भामाबाईंनी उरलेला चहा दोन्ही कपांत ओतला. "डेकवरून कसलं ऐकू येतंय? जहाजाचं इंजिन ऐकू येईल. काठावर उभं राहायला पाहिजे. एका, आणि मग दुसऱ्या."

"मेरे कू इत्ता कुछ नै," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "मेरे कू पानी में पाँव डालना है, बस. कुर्सी पे बैठने कू मैं जहाज में कायकू जाऊँ? कुर्सी घर में है."

फॉर्म. प्रवास कंपनीचा, जमिनीवर उतरण्याबद्दलचा, ग्रुपवर आलेला.

रकाना सहावा: पासष्टच्या वरचा प्रवासी बसच्या सहलीत न जाता स्वतंत्र उतरणार असेल, तर सोबत राहणाऱ्या प्रौढ सहप्रवाशाचं नाव आणि सही.

"बघ," विक्रम म्हणाला. त्याला हा रकाना सापडल्याचा केवढा आनंद झाला होता. "मी नियम केलेला नाही. कंपनीचा आहे. आणि मी सही करणार नाही. शिल्पाही नाही. ग्रुपमध्ये कुणीच करणार नाही, मी बोललोय सगळ्यांशी."

"सगळ्यांशी?"

"सगळ्यांशी."

"बरं," भामाबाई म्हणाल्या, आणि फॉर्म घेऊन खोलीत गेल्या. एवढ्या सहज त्या गेल्या म्हणून शिल्पाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मात्र निवांत होता.

एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला एक सवय लागते. पोराला काय म्हणायचं होतं ते सोडायचं, कागदावर काय लिहिलंय तेवढंच वाचायचं. भामाबाईंनी सहावा रकाना तसा वाचला. मग त्या चप्पल घालून वर गेल्या. सगळ्यांशी म्हणजे विक्रम कुणाशी बोलला असेल, याचा त्यांना अंदाज होता. खुर्च्यांवर बसवायच्या माणसांशी कोण कशाला बोलेल?

रविवार, सकाळी दहा. इमारतीखाली, गाड्या बाहेर काढून मोकळ्या केलेल्या पार्किंगमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल, समोसे.

फॉर्म गोळा करायला कंपनीकडून केतकी आली होती. पुण्याची, हैदराबादेत येऊन सहा महिने झालेली. इथलं मराठी ऐकलं की तिला मधेच हसू यायचं आणि ती ते खोकल्यात लपवायची. शेजारी विक्रम यादी घेऊन बसला होता. एकेक फॉर्म तो बघायचा, खूण करायचा आणि तिच्याकडे सरकवायचा. आईच्या फॉर्मवर त्याचा हात थांबला.

सोबत राहणारा प्रौढ सहप्रवासी: भाग्यलक्ष्मी. खाली सही, तेलुगूत.

त्याच्या खालचा फॉर्म भाग्यलक्ष्मींचा होता. सोबत राहणारा प्रौढ सहप्रवासी: भामाबाई. खाली सही, मराठीत, रेघ मारून.

"आई, ही काय चेष्टा आहे?"

"कुठे चुकलंय ते दाखव."

"तुला सांभाळायला आंटी? त्यांना बीपी आहे."

"बीपी कू साथ लेकेच आती मैं," भाग्यलक्ष्मी समोसा मोडत म्हणाल्या. "अकेली कब्बी नै जाती."

केतकीने दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून वाचले. "काकू, हे असं चालतं का, ते मला बघायला लागेल."

"बघा ना. मी बसते."

केतकीने ऑफिसला फोन लावला. रकाना वाचून दाखवला, पलीकडचं ऐकलं, पुन्हा वाचून दाखवला. "नाही सर, वय नाही लिहिलेलं. नुसतं प्रौढ असं आहे. हो, आपणच छापलंय." फोन ठेवून ती विक्रमकडे न बघता म्हणाली, "चालतंय. फक्त ग्रुपप्रमुखाची सही लागेल, माहिती आहे म्हणून."

ग्रुपप्रमुख विक्रम. त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"प्रदर्शनात दीड तास, आई. दीड तास मी प्रत्येक पाळण्याखाली बघत होतो. अँब्युलन्स दिसली तर तिच्यामागे धावलो. तुला ते ऐकूच आलं नाही, ठीक आहे, तुझी चूक नाही. पण तिथे भोंगासुद्धा नसेल."

भामाबाईंना वाटलं, आत्ता गप्प बसलं तर सही मिळेल. थोडे डोळे पुसले तर लगेच मिळेल.

"ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझं नाव. पहिल्याच वेळी ऐकलं. साडीचा रंगसुद्धा ऐकला. तरी बसले."

शिल्पा उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"का?" विक्रमने विचारलं.

"लग्न झाल्यापासून मी कुठे आहे हे कुणाला माहीत नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. मला बरं वाटत होतं. तुला एवढा त्रास झाला, तो माझ्यामुळे. खोटं बोलले, तेही मीच. त्यासाठी काय बोलायचं ते बोल मला, घरी बोल, इथे बोल. पण त्याची शिक्षा म्हणून मला खुर्चीत बसवायचं नाही. आणि काळजी म्हणून बसवत असशील तर मुळीच नाही."

विक्रमने पेन उचललं आणि दोन्ही फॉर्मवर सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली. "फोन चालू ठेवायचा," तो म्हणाला. "आणि तू कुठे आहेस ते माझ्या फोनवर दिसायला पाहिजे."

"फोन घेईन. दिसणार नाही."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. हिम्मतराव टेबलापाशी येऊन उभे होते, आपला फॉर्म पुढे धरून. सहावा रकाना रिकामा होता.

"मास्तरीणबाई, माझं नाव घाला तुमच्यात."

"अहो, तुम्हाला नाही झेपायचं," भामाबाई म्हणाल्या. "ऊन असतं तिकडे. चढउतार असेल, आणि..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. विक्रमने मान वर करून आईकडे पाहिलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. भाग्यलक्ष्मी मात्र खुशाल हसत होत्या.

"नाही झेपलं तर रस्त्यात बसेन," हिम्मतराव म्हणाले. "तुम्ही पुढे जा. त्या गावातल्या कट्ट्यावर बसून माणसं बघेन. चार दिवस याच पंधरा जणांची तोंडं बघायची, आणि जमिनीचा एक दिवस मिळाला तोही जहाजावर काढायचा, हे ऐंशीव्या वर्षी मला नक्को."

भामाबाईंचे कान तापले. त्यांच्या डोक्यात पायी ओलांडायचं गाव वीस मिनिटांचं होतं. या माणसाच्या पायांनी ते दोन तासांचं होणार. दोन काठ होतील की नाही, कोण जाणे. त्यांनी हिम्मतरावांच्या हातून फॉर्म घेतला, सहाव्या रकान्यात आपलं नाव घातलं, सही केली आणि खाली रेघ मारली.

केतकीने नवा कागद पुढे ओढला. "मग तिघांचा कार्यक्रम लिहून घेते. साडेआठला उतरणार. मग?"

"मग पायी."

"थांबायची ठिकाणं?"

"जिथे हिम्मतराव बसतील तिथे."

केतकीने ते तसंच लिहिलं. विक्रमने तिसऱ्या फॉर्मवरही सही केली आणि यादीतली ती विश्रांतीची शेवटची ओळ खोडली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "बारा वाजता कुठे असशील, एवढं तरी सांगून ठेव."

"नाही सांगणार," भामाबाई म्हणाल्या. "तीनला जहाजावर असेन, ते लिहून दिलंय. मधलं माझं आहे."