आधी गणित

"तुमच्या कॉलेजात येणारे सगळे, दुसरीकडे कुठेच प्रवेश मिळाला नाही म्हणूनच येतात का?"

प्रश्न स्वरूपाच्या तोंडून सुटला आणि माहितीपत्रक पुढे सरकवणारा मोरिता-सानचा हात जागीच थांबला. प्रश्न खरं तर स्वरूपाचा नव्हताच. मागे हॉलच्या दारापाशी तिच्या वर्गमैत्रिणी ईश्वरी आणि वृंदा भिंतीला टेकून, ओठ चावत उभ्या होत्या. विचारून दाखवलंस तर स्टेशनजवळच्या दुकानातलं माच्चा, म्हणजे हिरव्या चहाचं, आइस्क्रीम आमच्याकडून, नाही तर तू आपली जुनीच भित्री भागूबाई, अशी त्यांची पैज. गेल्या वर्षीची स्वरूपा असती तर तिने ही पैज कानाआड केली असती. पण जूनमध्ये तिने शाळेच्या स्टेजवर, भरल्या सभागृहापुढे, स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवून दाखवला होता. कॅमेऱ्यासमोर रिकामी बाटली धरा, की हा कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा ते तो सांगायचा. टाळ्या पडल्या आणि तेव्हापासून बाईसाहेबांच्या पायांना जणू स्प्रिंगाच लागल्या. त्यातून प्रश्न विचारला तोही आदरार्थी जपानीत, शब्दाशब्दाला वाकून. इतक्या सभ्य भाषेत इतका उद्धटपणा त्या हॉलने पहिल्यांदाच ऐकला असावा.

मोरिता-सान एकवीस वर्षांची. ओसाकाच्या एका तान्दाईत, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, कॉम्प्युटर शिकून, पुढे परीक्षा देऊन ती एका सरकारी विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला शिरली होती. आपल्या जुन्या कॉलेजची माहिती द्यायला ती तोक्योच्या या कॉलेज-मेळाव्यात आली होती. ती रागावली नाही. उलट खुर्ची पुढे ओढून बसली.

"मी तशीच आले होते," ती म्हणाली. "चार ठिकाणी नापास होऊन. माझ्या शेजारची मुलगी आली, कारण तिच्या वडिलांचं दुकान कॉलेजच्या समोर होतं. आता दोघी विद्यापीठात आहोत. कुठल्या दाराने आलात, हे तिथे कोणी विचारत नाही. तुम्ही कशासाठी येणार?"

या प्रश्नाची पैज कोणी लावली नव्हती. स्वरूपा क्षणभर गडबडली आणि मग खरं तेच बोलली. चार वर्षांची ती इथे आली. सहावीपर्यंत फुनाबोरीच्या जपानी शाळेत, पुढे कोतोच्या भारतीय शाळेत. बोलायला जपानी अस्खलित, पण लिहायला बसलं की हात लुळा. मोठ्या विद्यापीठाची पहिल्या वर्षाची प्रवेशपरीक्षा तिला या जन्मी झेपणार नव्हती. या कॉलेजात मुलाखतीवर प्रवेश होता, लिहायचं जपानी शिकवणारा वेगळा तास होता, वर्गात तीसच मुलं होती. आणि बाबा म्हणत होते ते पुणं? पुण्याला ती पाहुणी म्हणून जायची. पाहुणीने चार वर्षं कशी काढायची?

मोरिता-सानने तिला विषयांची यादी दिली, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात ते सांगितलं, आणखीही बरंच काही सांगितलं. पण स्वरूपाची नजर यादीतल्या 'रोबोट प्रयोगशाळा' या एका ओळीवर खिळली होती. तिच्या कानांनी तेवढ्यापुरती सुट्टी घेतली होती.

घरी हा विषय आधी एकदा निघाला होता आणि लगेच विझला होता. बाबांनी म्हणजे केदारने 'दोन वर्षांचं कॉलेज' एवढंच ऐकलं, आणि तो उठून प्लास्टिकच्या बाटल्या विसळायला गेला. चार बाटल्यांना त्याने पंधरा मिनिटं लावली. मग येऊन म्हणाला, की पुण्याला विलासकाकांकडे राहून सरळ चार वर्षांचं इंजिनीअरिंग कर, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. हा माणूस कशालाही तडकाफडकी नाही म्हणणाऱ्यातला नव्हता, म्हणून स्वरूपाला ते जास्तच लागलं होतं.

पण या घरात एक रीत होती. केदार गेली तेरा वर्षं जपानी प्रोजेक्टवर काम करत होता आणि तिथली सवय घरी घेऊन आला होता. घर बदलणं असो की क्योतोची सहल, ज्याला काही हवं असेल त्याने कागदावर चौकटी आखून योजना आणायची. मग रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तिचा रिव्ह्यू व्हायचा. कागद आला की नुसतं नाही म्हणून उठता येत नसे. नियम बाबांचाच.

म्हणून त्या रविवारी, धिरड्यांची शेवटची ताटली उचलल्याबरोबर, स्वरूपाने कागद टेबलावर पसरला. चार सेमिस्टर, चार रंग. पहिल्यात दोन प्रोग्रॅमिंग, रोबोट प्रयोगशाळा आणि वेबसाइट बनवणं. दुसऱ्यात डेटाबेस, गेम आणि लिहायचं जपानी. असं करत करत शेवटच्या सेमिस्टरमध्ये, अगदी कोपऱ्यात, दोन राखाडी चौकटी होत्या. दोन्ही गणिताच्या. समजावून सांगताना ती उभी राहिली, हातवारे केले, मधे एकदा मोरिता-सानसारखा आवाजही काढला. आई, दीप्ती, खुदकन हसली. ती वॉर्ड ऑफिसात परदेशी लोकांना फॉर्म भरायला मदत करायची, त्यामुळे कुणाचंही सलग ऐकून घ्यायची तिला सवय होती.

केदार हसला नाही. पेन्सिल कागदाच्या वर धरून तो चौकटींवरून सावकाश पुढे गेला, मग मागे आला.

"विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाची प्रवेशपरीक्षा कधी असते?"

"दोन वर्षांनी."

"तारीख बघ."

तिने मोरिता-सानचा कागद उलटला. तारीख तिथे लिहिलेली होती, खाली दोन रेघा मारून. दुसऱ्या वर्षाचा जून. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकल्यापासून चौदा महिने. आणि तिची गणितं होती त्यानंतरच्या हिवाळ्यात. परीक्षेत विषय तीन: गणित, इंग्रजी, प्रोग्रॅमिंग. ज्या पेपरवर सगळं अडणार होतं, त्याचा अभ्यास तिने पेपर झाल्यानंतर ठेवला होता.

स्वरूपाचे कान तापले. आता बाबा कागदाची घडी घालणार, असं तिला वाटलं. एवढं पुरेसं होतं. एक शब्द न बोलता त्यांना पुण्याचं तिकीट काढता आलं असतं.

केदारने खोडरबर मागितलं. रोबोटची चौकट पुसली, वेबसाइटची पुसली, एक प्रोग्रॅमिंगही पुसलं, लिहायचं जपानी आणि शेवटच्या सेमिस्टरमधली दोन्ही गणितं उचलून पहिल्यात आणली. "गणित आधी घ्यायचं," तो कागदाशीच बोलावं तसा म्हणाला. "प्रोग्रॅमिंग तुला एरवीही येईल, तुझे हात थांबणार नाहीत. बाहेरून मधे शिरणाऱ्याला गणित मारतं. बाकीची मुलं एकापाठोपाठ एक पायऱ्या चढून आलेली असतात, आणि आपण थेट तिसऱ्या पायरीवर उभे."

'आपण' हा शब्द तिघांनीही ऐकला.

"तुम्हाला कसं माहीत?" स्वरूपाने विचारलं.

केदार खोडरबराचा चुरा गोळा करू लागला. दीप्तीने हात पुसले आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली. "केदार, आता सांगून टाक," ती म्हणाली. "आपण इथे आलो तेव्हा तुझा जपानी बायोडेटा मीच टाइप केला होता. त्या फॉर्ममध्ये शाळेपासून एकेक पायरी लिहावी लागते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला ते फॉर्ममुळे कळलं. तेव्हा मी काही विचारलं नाही. आता ही विचारतेय."

मग त्याने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. दहावीनंतर घरात लवकर कुणीतरी कमावतं व्हायला हवं होतं, म्हणून जळगावला पॉलिटेक्निक, तीन वर्षांचा डिप्लोमा. मार्क चांगले पडले, मास्तरांनी धीर दिला, म्हणून पुण्याला इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. वर्गातल्या मुलांचे पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर होऊन गेलेले, आणि याच्यासमोर एकदम तिसरा. दोनदा तो पेपर राहिला, दोनदा केटी लागली, म्हणजे पुढच्या वर्गात बसून मागचा पेपर पुन्हा. प्रयोगशाळेत सर्किट जोडायला सगळ्यांना हाच हवा असायचा, पण नावाने हाक कोणी मारत नसे. मेसमध्येसुद्धा 'ए डिप्लोमा, मीठ दे.' पदवी हातात आली त्या दिवसापासून त्याने ती तीन वर्षं बोलण्यातून काढून टाकली. कोणी विचारलं तर बी.ई., पुणे. बस.

"तू दोन वर्षांचं कॉलेज म्हणालीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटलं, तुलाही कोणीतरी तशीच हाक मारणार. आणि तेव्हा मी इथे फुनाबोरीत, घरी बसलेला असणार."

स्वरूपाने डोकं त्याच्या दंडाला टेकवलं. लहानपणी ट्रेनमध्ये टेकवायची तसं. त्याने दंड जरासुद्धा हलवला नाही.

मग पेन्सिल उचलून तो पुन्हा रिव्ह्यूवर आला, कारण त्याचा रिव्ह्यू अर्धा सोडायचा स्वभाव नव्हता. योजना आता बरोबर आहे, पण गमतीची राहिलेली नाही, हे त्याने तिला स्पष्ट सांगितलं. पहिल्या सेमिस्टरला दोन गणितं, लिहायचं जपानी आणि प्रोग्रॅमिंग एकच. चौदा महिने मान वर नाही. पुण्याचा रस्ता अजून मोकळा आहे आणि तिथे कमीपणा काही नाही. दोन्हींतलं कुठलंही घे, मी नाही म्हणणार नाही. पण नीट बघून घे.

बघून घे म्हणजे काय, हे तिला कळलं. ती सायकल घेऊन बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या मशीनवर, तिने विद्यापीठाची जुनी गणिताची प्रश्नपत्रिका छापून घेतली आणि नदीच्या बांधावर जाऊन बसली. प्रश्न पाच. पहिला इंटिग्रेशनचा. बारावीचंच, फक्त जरा जास्त वळणं असलेलं. वीस मिनिटांत सुटला. दुसरा मॅट्रिक्सचा. निम्म्यापर्यंत ओळखीचा निघाला आणि मग एकदम अनोळखी झाला, जत्रेत हात सुटावा तसा. उरलेल्या तिघांत तिला जपानी अक्षरं वाचता आली, गणित नाही.

तिने सायकल उचलली नाही. पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. समोरून बेसबॉलच्या पोरांची रांग धावत गेली, एका आजोबांचा कुत्रा तिचा बूट हुंगून गेला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण येत नव्हतं. पुढची ओळ काय असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. असली खाज तिला आजवर फक्त प्रोग्रॅम अडला की सुटायची. तास कधी झाला ते कळलंच नाही.

ती घरी आली तेव्हा केदार आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसत होता आणि आई उद्याच्या ऑफिसचा शर्ट इस्त्री करत होती. दोघांनी एकाच वेळी मान वर केली. स्वरूपाने प्रश्नपत्रिका टेबलावर ठेवली.

"पाचातलं एक पूर्ण आलं," ती म्हणाली. "दुसरं अर्धं. बाकी भोपळा."

"म्हणजे?" आईने इस्त्री उभी केली.

"म्हणजे मी ओसाकाला जाणार, पुण्याला नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन्ही गणितं घेणार. रोबोट नंतर, जागा उरली तर. जूनमध्ये पास नाही झाले तर पुढच्या वर्षी पुन्हा देईन. तोवर नोकरी करेन, दोन वर्षांचं शिक्षण हातात असेलच. विलासकाकांना मी स्वतः फोन करते. आणि कोणी विचारलं तर दोन वर्षांचं कॉलेज असंच सांगायचं, तुम्ही दोघांनीसुद्धा, आवाज खाली न आणता." एवढं एका दमात बोलून तिने श्वास घेतला आणि खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. "दर रविवारी दहाला मी तिथून व्हिडिओ कॉल लावणार. बाबा, मॅट्रिक्स तुम्ही घ्यायचे. ठरलं माझं."