मी, तिघांमधला चेलो

मी चेलो. नाव दोनदा सांगावं लागतं, त्याची मला सवय झाली आहे. ज्यांच्या घरी मी राहतो त्या जमनाबाई तर मला पहिल्या दिवसापासून 'चेला' म्हणतात. माझ्या अंगावरची धूळ पुसताना त्यांनी विचारलं होतं, "कोणाचा रे चेला तू?" 

व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. त्याचा मी थोरला भाऊ. इतका थोरला, की मला हनुवटीखाली धरता येत नाही. वाजवणारा खुर्चीवर बसतो, मला गुडघ्यांमध्ये उभा करतो आणि माझी पाठ त्याच्या छातीला टेकते. त्यामुळे माणसांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत. माझी त्यांच्याशी ओळख होते ती छातीकडून.

जन्म कुठे झाला ते मला सांगता यायचं नाही. पोटात चिकटवलेली कारागिराच्या नावाची चिठ्ठी कधीच कसरीने खाल्ली. आठवतं ते झोपेत आठवावं तसं: गार हवा, बोटीचं हेलकावणं, आणि मग बेंगळूरच्या कॅन्टोन्मेंटमधल्या एका कॉन्व्हेंट शाळेच्या रंगमंचामागचा कोपरा. तिथे मी कितीतरी वर्षं उभ्याउभ्या झोपलो.

एकोणीसशे एकोणऐंशी साली मानसिंगराव त्या शाळेत पडद्याचं माप घ्यायला आले. चिकपेटेत त्यांचं कापडाचं दुकान. पडदा बाजूला केला तर मागे मी. माझी एकच तार शिल्लक होती, तिला त्यांनी बोट लावलं आणि सूर विरेपर्यंत कान देऊन ऐकलं. मग सिस्टरना म्हणाले, याचा उपयोग होत नसेल तर मी घेऊन जातो, माझ्या मुलीला दाखवतो. सिस्टरना कोपरा मोकळा हवाच होता.

मुलगी म्हणजे त्यांची आणि जमनाबाईंची दिव्यश्री. नऊ वर्षांची, माझ्याहून थोडीच उंच. संगीताच्या एक निवृत्त टीचर शिकवायला तयार झाल्या. पहिली दोन वर्षं मी फक्त कण्हत होतो. शेजारच्यांनी जमनाबाईंना विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? पण ती मुलगी चिवट. बारा वर्षांत आम्ही दोघं इतके एक झालो, की गज कुठल्या तारेवर येणार हे मला तिच्या खांद्यावरून आधीच कळायचं.

एक्याण्णव साली आम्हाला दोघं भेटले. शरच्चंद्र मूळचे पुण्याचे, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, इंदिरानगरच्या घरी त्यांचा पियानो. भीमाचार्य धारवाडकडचे, एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. सकाळी ते देवघरापुढे मांडी घालून कर्नाटकी वाजवायचे आणि संध्याकाळी त्याच व्हायोलिनच्या तारा चढवून, खुर्चीवर बसून पाश्चात्त्य. पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठी लिहिलेलं संगीत खूप आहे. या शहरात ते वाजवायला तिसरा मिळत नव्हता, एवढंच.

पहिल्या दिवशी शरच्चंद्र म्हणाले, सुरुवात करू या.

"स्वल्प थांबा, काका," दिव्यश्री म्हणाली. माझी एक खुंटी घसरली होती.

"मराठीत 'थोडं थांबा' म्हणतात," ते चष्म्यावरून बघत म्हणाले.

भीमाचार्य गजावर राळ घासता घासता थांबले. "काका, बेंगळुरात मराठीतसुद्धा स्वल्पच म्हणतात."

सहा महिन्यांनी शरच्चंद्रांच्या पत्नीने, अंजलीताईंनी, नवऱ्याला 'स्वल्प चहा' मागताना पकडलं आणि ती गोष्ट सगळ्यांना सांगितली.

त्या खोलीतल्या संध्याकाळी मला अजून अर्धवट झोपेत दिसतात. खिडकीबाहेर गुलमोहर, पियानोवर पडलेलं पिवळं ऊन, चहाचे रिकामे कप. वाजवता वाजवता एखादा क्षण असा यायचा की कोण कुठे संपतो आणि कोण सुरू होतो ते समजेनासं व्हायचं. मला वाटायचं, पियानोच्या तारा माझ्याच पोटात आहेत. मग शरच्चंद्र कुठेतरी चुकायचे आणि आम्ही तिघंही जागे व्हायचो.

चर्चच्या सभागृहांत, शाळांत, कधी कोणाच्या दिवाणखान्यात आम्ही वाजवत गेलो. ऐकायला चाळीस माणसं आली तर खूप. नोकऱ्या दोघांनाही होत्या. दिव्यश्रीला नव्हती. तिला हेच करायचं होतं. चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला तिला बोलावत, पण तिथे माझं काम एकच: कोणी मेलं किंवा सोडून गेलं की एक लांब सूर. म्हणून शहाण्णवच्या जानेवारीत चार शहरांत कार्यक्रम आणि शेवटी मुंबईत कॅसेट असं आमंत्रण आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त धडधड तिच्या छातीत झाली. मी टेकलेलो होतो, म्हणून सांगतो.

निघायला अकरा दिवस होते. दुकानात वडिलांना भेटून ती मला रिक्षाने घेऊन चालली होती. चिकपेटेतल्या गल्लीत कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी उतारावरून सुटली आणि रिक्षाला आदळली. तिच्या कोपराला खरचटलं. माझी पेटी दोन्हींच्या मध्ये सापडली. माझ्या पुढच्या फळीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आवाज अगदी बारीक झाला, काडी मोडल्यासारखा. मग मला ऐकू येईनासं झालं.

शरच्चंद्र घरी आले. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं, बघू या म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी अंजलीताईंचा फोन आला. त्यांना ते मनात ठेवता आलं नव्हतं. मुंबईचा एक चेलोवादक ठरला होता. शरच्चंद्रांनी त्याच संध्याकाळी त्याला फोन केला होता, आणि भीमाचार्यांनाही ठाऊक होतं.

दिव्यश्री रडली नाही, भांडली नाही. तिने आपली स्वरलेखनाची पानं काढली. त्यांवर पाच वर्षांच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. इथे काका घाई करतात. इथे भीमण्णाकडे बघायचं. इथे दोघांना पुढे जाऊ द्यायचं. सगळी पानं तिने एका पाकिटात घातली आणि मुंबईच्या त्या माणसासाठी म्हणून शरच्चंद्रांकडे पाठवून दिली. जमनाबाई म्हणाल्या, अगं, तुझं असं काहीतरी ठेव की स्वतःकडे. ती म्हणाली, कार्यक्रम बिघडायला नको.

माझं काय करायचं ते कोणाला सुचत नव्हतं. चेलो दुरुस्त करणारं माणूस या शहरात नव्हतं. शेवटी मानसिंगरावांनी मला राजाजीनगरात गंगव्वाकडे नेलं. तिच्या सासऱ्यांपासून घरात वीणा बनत. नवरा गेल्यावर हत्यारं तिने हातात घेतली होती. तिने मला जमिनीवर आडवं केलं, टकटक करून ऐकलं, आणि कानडीत म्हणाली की हे काम मी कधी केलेलं नाही, पण लाकूड ते लाकूडच. दोन महिने लागतील. घाई असेल तर परत न्या.

"सरी," मानसिंगराव तिच्याच कानडीत 'ठीक आहे' म्हणाले.

ते दोन महिने मी कसे सांगू? तिने माझ्या तारा काढल्या, तारांखालची घोडी काढली, पातळ सुरीने पुढची फळी सोडवली. मी उघडा पडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड आला. स्टोव्हवर सरस शिजायचा, फणसाच्या लाकडाचा भुसा हवेतून हळूहळू खाली बसायचा. भिंतीवर टांगलेल्या वीणा कोणी हात न लावताही गुणगुणायच्या. मी नव्हतो आणि होतो. दिव्यश्री रोज दुपारी बसने येऊन शेजारी बसायची.  गंगव्वा तिच्या हातात पॉलिश कागद द्यायची.

एका दुपारी गंगव्वाने तिला जवळ बोलावलं आणि माझ्या आत बोट दाखवलं. खालच्या बाजूला एका मिटलेल्या भेगेवर लाकडाची जुनी, लांबट चकती चिकटवलेली होती.

"हा आधीही एकदा फुटलाय. फार वर्षांपूर्वी. तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग? वाजत होता की."

दिव्यश्रीने त्या चकतीवरून अंगठा फिरवला. माझं मलाही ते आठवत नव्हतं.

मार्चमध्ये शरच्चंद्र तिथे आले. दारातच चपला काढून उभे राहिले. दौरा संपला होता. ते पाकीट त्यांनी तिच्यासमोर ठेवलं.

"कसं झालं, काका?"

"चांगलं झालं." मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? तो तुझ्यापेक्षा चांगला वाजवतो."

"मग त्यालाच घ्या की."

"तो तयारही आहे." ते खाली भुशातच बसले. "दिव्या, मी पन्नाशीचा झालो. कारखान्यात कोणाला माहीतसुद्धा नाही मी वाजवतो ते. ही संधी गेली तर दुसरी यायची नाही, अशी भीती वाटली. तुला फोन करायला हात उचलेना, म्हणून त्याला केला. चार शहरांत वाजवलं, आणि प्रत्येक ठिकाणी चोरी केल्यासारखं वाटलं. भीमालाही. आम्हाला तू हवी आहेस. येशील का?"

गंगव्वाला मराठी कळत नव्हतं, पण तिने घासायचं थांबवलं होतं.

"अजून सरस वाळायचाय," दिव्यश्री म्हणाली.

ते उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा ती पुन्हा बोलली.

"काका, यापुढे असं काही असलं तर पहिला फोन मला करायचा."

त्यांनी मान डोलावली.

एप्रिलमध्ये मला तारा चढल्या. माझा आवाज बदलला होता. सगळ्यांत जाड तार जरा घोगरी, खोल झाली होती. मानसिंगराव म्हणाले, वयात आला. पहिले काही दिवस खोलीत अवघडलेपण होतं. शरच्चंद्र चुकले तरी कोणी हसायचं नाही. मग एके दिवशी भीमाचार्य चुकले, दिव्यश्री हसली, आणि गाडी रुळावर आली. ती दोन वर्षं आमची सगळ्यांत चांगली. म्हैसूर, पुणे, हैदराबाद, आणि शेवटी आमच्या तिघांची एक कॅसेटही निघाली. दुकानांत ती फारशी गेली नाही. मानसिंगरावांच्या दुकानात मात्र ती रोज लागायची, आणि साड्या बघायला आलेल्या बायका विचारायच्या, अण्णा, हे काय लावलंय?

अठ्ठ्याण्णव साली जगभरच्या कॉम्प्युटरांना दोन हजार सालाची भीती पडली. जुन्या पद्धतीचं काम येणारी माणसं अमेरिकेला हवी होती, आणि भीमाचार्यांना ते काम येत होतं. पत्र हाती पडलं त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. कोणी अडवलं नाही. बँकेत वीस वर्षांत कोणी त्यांना इतक्या आदराने बोलावलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी शरच्चंद्रांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पियानो ट्रकमध्ये चढवून ते पुण्याला परतले.

आम्ही आता राजाजीनगरात राहतो, दिव्यश्री घरीच मुलांना शिकवते. खोलीत माझ्याशेजारी दोन छोटे चेलो आले आहेत. ते कण्हतात तेव्हा मला माझे दिवस आठवतात. बाकी दुपारी मी पेटीत असतो. मध्यंतरी एका हॉटेलवाल्याने मला दर्शनी दालनात शोभेला मागितलं होतं, झाडांच्या कुंड्यांच्या मध्ये. जमनाबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तुमच्याही घरात कुठलं वाद्य पेटीत झोपलं असेल. त्याला बाहेर काढा, एवढंच मागणं. ते बेसूर बोलेल, रागावू नका. आम्हाला जागं व्हायला वेळ लागतो.

हे सांगायचं सुचलं ते गेल्या आठवड्यामुळे. पुण्याहून एक कॅसेट आली. भीमाचार्यांनी अमेरिकेत एकट्याने आपला भाग वाजवून ती आधी शरच्चंद्रांना पाठवली होती. त्यांनी ती एका टेपवर लावून सोबत पियानो वाजवला आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरवून घेतलं. दिव्यश्रीने मला बाहेर काढलं. टेप किंचित मंद चालत होती, म्हणून माझ्या चारही तारा तिने तेवढ्या उतरवल्या. मग बटण दाबलं.

आधी भीमाचार्यांचा कानडीत मोजणारा आवाज आला: ओंदु, एरडु, मूरु. त्यानंतर काहीच नाही. टेपवर होती त्या संथ रचनेची सुरुवात माझी एकट्याची आहे. बर्फाच्या देशातली एक खोली गप्प होती, तिच्यावर पुण्यातली एक खोली गप्प होती. दोघंही वाट बघत होते.

तिने गज टेकवला.