मुंजाजीचा घोळ आन् ईश्वरीची बोटं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड हाय, सेलूतल्या उद्धवभाऊच्या हापिसातला. आलो तवा लय चकचकीत होतो. आता निम्मी अक्षरं पुसलीत. मधी बिनवायरचा नवा आला, मला कपाटावर फेकलं. त्याचे सेल संपले की पुन्हा मीच! नोकरीला येणारं हरेक माणूस माझ्यापुढंच बसतं.

शेतकऱ्यांचा कापूस घेऊन सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी आमी सॉफ्टवेअर करतो. कापसाचा हंगाम तोंडावर आला, माणूस एकच घ्यायचा होता. परीक्षाबी आमच्या घोळाचीच. आमच्याकडं घरोघरी मुंजाजी नावाचा एक तरी गडी. एका गावचे दोन मुंजाजी आले की दोघांचा कापूस एकाच्याच नावावर चढायचा!

पुण्याहून नचिकेत आला. जुना, मुरलेला गडी. त्यानं हसतखेळत घोळ मिटवला. उद्धवभाऊ खूश.

मंग बोरीची ईश्वरी बसली, नुकतीच शिकून आलेली. पुसलेली अक्षरं हुडकत बोटं फिरायली. तिनं नावाला बापाचं नाव जोडलं. तरी दोन्ही मुंजाजी चिकटलेलेच.

भाऊची बायको सुमंगलावैनी हिशोबाला बसती. ती खदखदून हसली. "अगं पोरी, दोघांचे बापबी बाबुरावच हायेत!"

ईश्वरीबी हसली. "थांबा मॅडम, मी सोडत न्हाई ह्यांना."

पुसलं, लिवलं, अडलं तिथं इचारलं, दर खेपेला माझं एन्टर धाडकन हाणलं. शेवटी दरेक शेतकऱ्याला सोताचा नंबर दिला, आन् मुंजाजी वेगळे झाले. तवर दिवस कलला होता.

भाऊ वैनीला म्हनला, "नचिकेतच घेऊ. हिला पार दिवस लागला."

"अहो, त्याला येतच होतं. हिला सकाळी येत नव्हतं, आता येतंय. तुमी पयला प्रोग्राम केला तवा कोन्ता अनुभव होता? उघडला की बंद पडायचा!"

"पोरीसमोर कशाला काढतीस ते?" भाऊ लाजला. मंग ईश्वरीकडं वळला. "भर हंगामात अडकलीस तर?"

"इचारीन सर. इचारायची मला लाज न्हाई."

भाऊ म्हनला, "सोमवारी ये. पन एन्टर हळू दाब माय, मोडशील त्याला!"

तिनं खुशीत तेच बटन पुन्हा धाडकन हाणलं. दुखलं, पन गोड वाटलं.

मित्रांनो, नव्या बोटांना चुकायला जागा द्या. आन् आमा जुन्यांना अधूनमधून ब्रशनं झाडत जा. पोटात लय भाकरीचा भुगा साचलाय.